भुशात हरवलेला अनुस्वार

'स्क्रोल सॉ' हा शब्द उमरग्यात सरळ उच्चारण्याची सोय आता राहिलेली नाही. स्क्रोल म्हणजे अंगठ्याने मोबाइल वर सरकवत बसणे, हे शाळकरी पोरांपासून पारावरच्या म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. त्यामुळे एखाद्या निवृत्त गुरुजींनी नवा स्क्रोल सॉ मागवला, सोलापूर-हैदराबाद हायवेवर ट्रान्सपोर्टच्या गाडीतून तो उतरवून घेतला आणि ऑटोत घालून दारात आणला, की गल्लीचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "गुरुजी, ह्याच्यात रील दिसतेत का?"

गुरुजी या प्रश्नाला मनातल्या मनात शून्य गुण देतात. नोकरीतली सवय. पण पेपर फेरतपासणीला घातला तर निदान निम्मे गुण निघतील. इंग्रजीत स्क्रोल म्हणजे कागदाची किंवा चामड्याची गुंडाळी. तिच्या कडेला पडणाऱ्या वेटोळ्यासारखी नक्षी लाकडात कापते ती करवत म्हणजे स्क्रोल सॉ. आणि मोबाइलच्या पडद्यावर मजकूर गुंडाळीसारखा उलगडत जातो म्हणून त्यालाही स्क्रोल. आडनाव एकच, भावकी वेगळी.

हे गुरुजी म्हणजे अमुक गल्लीतले तमुक असे कुणी नव्हेत. पेन्शन सुरू झालेली, गुडघे अजून शाबूत आणि दुपारी झोपणं म्हणजे अपमान, अशी माणसं प्रत्येक तालुक्याच्या गावी असतात. कुणी बागेत शिरतं, कुणी ज्योतिषात, कुणी सुनेच्या स्वयंपाकघरात. त्यातले थोडे शहाणे लाकडात शिरतात.

लाकडात शिरण्याचे तीन टप्पे आहेत. पहिला हाताच्या फ्रेट सॉचा. लोखंडी कमान, तिच्या दोन टोकांत ताणलेलं केसासारखं पातं आणि टेबलाच्या कडेला बसवलेली खाचेची फळी. इंग्लंडात नॉरफोकमधल्या डेरेहॅम गावच्या 'हॉबीज' कंपनीने १८९५ साली या छंदाचे नमुने देणारं साप्ताहिक काढलं होतं. वाचक ते वाचण्यापेक्षा त्यातले नमुने लाकडावर चिकटवून कापत. लेखकाचा एवढा व्यवस्थित निकाल दुसऱ्या कुठल्या नियतकालिकाच्या वाचकांनी लावला नसेल.

दुसरा टप्पा स्वस्तातल्या मशीनचा. त्यात पात्याच्या दोन्ही टोकांना आडवी टाचणी असते, ती खोबणीत अडकवली की झालं. फक्त ही टाचणी आत घालायला लाकडाला भोक एवढं मोठं पाडावं लागतं, की बघणाऱ्याला आधी भोक दिसतं आणि मग, लक्ष वेधलं तर, नक्षी. शिवाय बटण दाबलं की मशीन, टेबल, भिंतीवरचं कॅलेंडर आणि गुरुजींचा चष्मा असे चौघे एका तालात हलायला लागतात.

तिसरा टप्पा म्हणजे अपग्रेड. हा शब्द मात्र उमरग्यात सगळ्यांना अचूक कळतो. अपग्रेड म्हणजे घरात निम्मी किंमत सांगून आणलेली वस्तू.

खोकं उघडतं. थर्मोकोलचे तुकडे अंगणभर पसरतात आणि आतून बाहेर येतं ते पंचवीसेक किलोचं धूड बघून बाई चहाची कपबशी हातात घेऊन थबकतात. एक नजर टाकतात आणि निकाल देतात : "अहो, ही तर शिलाई मशीन हाय. नुसतं उसवायला आणलीया."

पुन्हा शून्य. आणि पुन्हा फेरतपासणी. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत, इलिनॉय राज्यातल्या रॉकफर्ड गावी, डब्ल्यू. एफ. आणि जॉन बार्न्स यांची कंपनी पायाने चालवायचे स्क्रोल सॉ बनवत असे. खाली पायटा, मध्ये चाक आणि पट्टा, वर टेबल आणि टेबलातून वर-खाली होणारं पातं. सुईच्या जागी करवत, एवढाच फरक. एका नमुन्यात तर सायकलवर बसल्यासारखं बसून दोन्ही पायांनी पेडल मारायचं आणि हातांनी लाकूड फिरवायचं. काम करायची रीतही शिंप्याचीच : सुई जागेवर, फिरवायचं ते कापड. वळणावर घाई केली की तिथे सुई मोडते, इथे पातं. बाईंनी जन्मभर ब्लाउजचे गळे काढलेले आहेत. वळण कसं घ्यायचं एवढं त्यांना विचारलं असतं तर पहिल्या दिवशीची अर्धा डझन पाती वाचली असती. पण गुरुजींनी कुणाला काही विचारायची प्रथा त्या घरात नाही.

पातं बसवणं हा पहिल्या दिवसाचा मुख्य विधी. नव्या मशीनला टाचणी लागत नाही. साधं, १३० मिलिमीटर लांबीचं, रुंदीला जेमतेम एक मिलिमीटर असलेलं पातं दोन्ही टोकांना चिमटीत आवळायचं. दीड-दोन मिलिमीटरच्या भोकातूनही ते ओवता येतं, आणि एवढ्यासाठीच तर हा सगळा खर्च. अडचण अशी, की त्याचे दात साध्या डोळ्यांना धड दिसत नाहीत आणि चष्म्यातून दुप्पट दिसतात. त्यामुळे पहिलं पातं बहुतेकांच्या हातून उलटं बसतं.

उलटं पातं कळायला वेळ लागत नाही. या करवतीचे दात खालच्या बाजूला तोंड करून असतात. पातं खाली जाताना लाकूड कापतं आणि त्याच दाबाने फळीला टेबलावर बसवून ठेवतं. दात वर झाले की प्रत्येक फेरीला फळी वर उचलली जाते आणि धाडकन खाली आपटते. मिनिटाला चारशेपासून सोळाशेपर्यंत फेऱ्या. फळी अक्षरशः टाळ्या वाजवायला लागते.

हे सगळं दाराच्या चौकटीला टेकून गल्लीतला सुतार बघत असतो. खरा सुतार चूक लगेच दाखवत नाही, ती पिकू देतो. मग शांतपणे विचारतो, "गुरुजी, दात कुणीकडं हायेत?"

गुरुजी पुस्तक वाचून बसलेले असतात. रिव्हर्स टूथ नावाचं एक पातं मिळतं, त्याचे खालचे थोडे दात मुद्दाम वरच्या बाजूला वळवलेले असतात. त्यामुळे फळीची खालची बाजू कापताना तिच्या फाका उडत नाहीत. गुरुजी ते ज्ञान ढालीसारखं पुढे करतात. "ह्या पात्याचे काही दात उलटेच असतात, मिस्त्री. ती त्याची रचना आहे."

"खालचे चार उलटे असू द्या," सुतार म्हणतो. "तुमचे चार सोडून समदे उलटे हायेत."

पातं सुलट बसतं, बटण दाबलं जातं आणि गल्लीत शांतता पसरते. पिठाच्या गिरणीचा मालक दळण अर्धं टाकून आलेला असतो. त्याचं आयुष्य पट्ट्याच्या फटफटाटात गेलेलं; मशीन चालते म्हणजे माणसाला माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, ही त्याची सरळ व्याख्या. तो थोडा वेळ कान देतो आणि हळहळतो : "आवाज न्हाई म्हंजी जोर न्हाई, गुरुजी. फसलाव तुमी."

याला द्यायचं शून्य गुरुजींच्या अगदी ओठावर येतं, पण मशीनच्या मागची पट्टी वाचली की हात थांबतो. अशा घरगुती स्क्रोल सॉची मोटर साधारण शंभर-सव्वाशे वॉटची असते. स्वयंपाकघरातला मिक्सर पाचशे ते साडेसातशे वॉटचा. शेंगदाण्याची चटणी वाटायला जेवढा जोर लागतो त्याच्या पाव हिश्शावर ही नक्षीदार करवत चालते. एक मिलिमीटरच्या पात्याला त्याहून जास्त जोर लावला तर ते कापणार नाही, तुटेल. म्हणजे गिरणीवाला बरोबर. जोर खरंच नाही.

आवाज का नाही, याचं कारण मात्र वेगळं. जुन्या मशीनला मागून पुढपर्यंत आलेले दोन लांब दांडे असतात, वर एक आणि खाली एक, आणि मोटर ते दोन्ही दांडे बगिच्यातल्या सी-सॉसारखे वर-खाली हाणत राहते. एवढं लोखंड मिनिटाला हजार वेळा दिशा बदलणार म्हटल्यावर कॅलेंडर हलणारच. नव्या धर्तीच्या मशीनमध्ये मोठे दांडे जागच्या जागी असतात. त्यांच्या पोटातून सळ्या पुढे जातात आणि अगदी तोंडाशी असलेले दोन आखूड हात तेवढे हलतात. सगळं घर नाचवण्यापेक्षा मनगट हलवून काम भागवायचं.

हादरा किती कमी, हे मोजायची जगभरातल्या हौशी मंडळींची एक पद्धत आहे : चालू मशीनच्या टेबलावर नाणं कडेवर उभं करायचं. अमेरिकेतले लोक त्यासाठी पाच सेंटचं निकेल वापरतात. उमरग्यात त्या कामाला १९९२ पासून निघालेलं पाच रुपयांचं जाड नाणं उत्तम. नऊ ग्रॅम वजन आणि मजबूत कड. ते आता हाती लागणं मुश्कील. ही नाणी चोरून बांगलादेशात नेतात आणि वितळवून त्यांची दाढीची पाती करतात, अशा बातम्या मागे वर्तमानपत्रांतून आल्या होत्या. बाईंच्या बटणांच्या डब्यात एक निघतं. टेबलावर उभं राहतं. मशीन चालू होतं. नाणं हलत नाही. गल्ली टाळ्या वाजवते, आणि नेमका त्याच क्षणी गिरणीवाला ते नाणं उचलून उलटसुलट बघत विचारतो, "पर ह्याचा उपयोग काय?"

ताण किती द्यायचा हा पुढचा पेच. सैल पातं रेघ सोडून भटकतं, फार ताणलेलं तुटतं. पुस्तकात लिहिलेलं असतं की पातं बोटाने छेडावं आणि उंच, स्वच्छ स्वर निघेपर्यंत आवळावं. स्वराचा विषय निघाला की भजनी मंडळाचा पेटीवाला पुढे सरकतो. गुरुजी छेडतात, तो डोळे मिटतो. "काळी चार लागलीया. आजून चढवा. काळी पाचला आणा." स्क्रू अर्धा आटा फिरतो. "हां. आता ठिवा." त्या पात्याने कापलेली रेघ पहिल्यांदाच रेघेसारखी येते. पेटीवाल्याला गुण द्यावेच लागतात; ते गुरुजी देतात, पण सुतार घरी गेल्यावर.

मग लाइट जाते.

उमरग्यात नवं विजेचं यंत्र घरी आलं की पहिल्या तासात लाइट जाते, हा अनुभव फ्रिजवाल्यांना, पंखेवाल्यांना, सगळ्यांना आहे. जमलेले लोक घरी जात नाहीत. उलट आता त्यांना कल्पना सुचतात. कुणी म्हणतं इन्व्हर्टरवर घ्या, कुणी म्हणतं सोलर बसवा. बाई ओसरीतल्या शिलाई मशीनच्या पायट्यावर पाय ठेवून उरलेली शिलाई पुरी करतात आणि एकदाही मान वर करत नाहीत. बार्न्स कंपनीचा नमुना किती दूरदृष्टीचा होता, हे त्या वेळी नीट समजतं.

लाइट आल्यावर एक शेतकरी पाहुणा पात्याकडे बघून म्हणतो, "ह्यो तुमचा बैल उजवीकडं ओढतोय." गुरुजींनी रेघ सरळ आखलेली असते, लाकूड सरळ ढकललेलं असतं आणि काप मात्र हट्टाने रेघ सोडून बाजूला चाललेला असतो. मशीन खराब नाही. बहुतेक पाती साच्यात दाबून काढतात. त्यामुळे दातांच्या एका बाजूला बारीक खरवड राहते, ती बाजू जास्त कापते आणि पातं तिकडे खेचलं जातं. उपाय तोच, जो खोडीच्या बैलाला : भांडायचं नाही, नांगर थोडा तिरका धरायचा. लाकूड दोन-चार अंश तिरपं धरलं की काप सरळ येतो. जुन्या मशीनच्या खडखडाटात ही खोड लपून जायची. तेव्हा रेघ चुकली की दोष मशीनचा असे. आता मशीन गुपचूप, नाणं उभं, स्वर काळी पाच. रेघ चुकली तर बघणारे मशीनकडे बघत नाहीत, गुरुजींकडे बघतात.

नातवाला मात्र नक्षी नको असते. "आबा, ह्याचं पझल करा की."

लंडनमध्ये १७६० च्या दशकात जॉन स्पिल्सबरी नावाच्या नकाशे कोरणाऱ्या कारागिराने हेच केलं होतं. नकाशा लाकडावर चिकटवला, देशांच्या सीमेसीमेने कापला आणि मुलांना भूगोल शिकवायला विकला. जिगसॉ पझल हे नाव त्याला पुष्कळ मागाहून मिळालं. गुरुजी महाराष्ट्राचा नकाशा सहा मिलिमीटरच्या प्लायवर चिकटवतात. छत्तीस जिल्हे. पालघर २०१४ साली वेगळा निघाला म्हणून छत्तीस, नाहीतर पस्तिसावर भागलं असतं. पात्यांच्या हिशेबात एका जिल्ह्याचाही फरक जाणवतो.

या भागाला ही करवत नवी नाही. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात आलं आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचनेत त्या राज्याचे तीन तुकडे झाले : तेलंगण आंध्राकडे, गुलबर्गा-बिदर-रायचूर म्हैसूरकडे, मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्याकडे. काप थेट बिदर जिल्ह्याच्या पोटातून गेला. निलंगा, उदगीर आणि अहमदपूर हे तालुके बिदरपासून सुटून उस्मानाबाद जिल्ह्याला येऊन चिकटले. १९८२ साली लातूर जिल्हा कापून काढला तेव्हा ते तिकडे गेले. आणि २०२३ साली उस्मानाबादचं धाराशिव झालं. तुकडा तोच, वरची अक्षरं बदलली, आणि जुन्या मशीनवर केलेलं गुरुजींचं पझल एका रात्रीत इतिहासाच्या तासाला गेलं.

करवत कितीही बारीक असली तरी तिच्या जाडीएवढं लाकूड दोन्ही तुकड्यांच्या वाट्याला येत नाही, त्याचा भुसा होतो. १९५६ च्या कापाचा भुसा उमरग्याच्या बाजारात अजून पडलेला आहे. मराठीत भाव विचारायचा, कन्नडमध्ये घासाघीस करायची आणि दखनीत 'नक्को' म्हणून उठायचं, हे तिन्ही करणारा माणूस एकच असतो आणि आपण तीन भाषा बोललो हे त्याच्या गावीही नसतं.

गुरुजींचा बैल पुन्हा उजवीकडे ओढतो. नातू तुकडे जुळवून बघतो आणि ओरडतो, "आबा, आपलं उमरगा कर्नाटकात गेलं!" सीमाप्रश्न अंगणात येऊन पडतो. तो फेविकॉलने सुटतो.

संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर एखादी आजी फडक्यात गुंडाळलेली फळी घेऊन येते. काळी पडलेली, जड, सागवानी. कुठून आणली हे विचारावं लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाची रात्र सरता सरता, किल्लारीचा भूकंप झाला आणि औसा-उमरगा तालुक्यांतली गावं मातीला मिळाली. सास्तूर तेव्हा उमरगा तालुक्यात होतं. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाची माती झोपलेल्या माणसांवर आली. काही ठिकाणी भिंती गेल्या तरी खांब-तुळयांचा लाकडी सांगाडा तसाच उभा होता. त्या लाकडाचं पुढे कुठे फडताळ झालं, कुठे पाट, कुठे नुसतीच जपून ठेवलेली फळी.

"खिळा असंल, बगून काप," आजी म्हणते. "देव्हाऱ्याला बारकी कमान पायजे."

गुरुजी लोहचुंबक फिरवतात. खिळा निघतो. सागवानात मुळातच वाळूच्या जातीचा अंश असतो, तो पात्याची धार खातो. त्यात इतक्या वर्षांचं वाळलेलं लाकूड. मशीन सगळ्यात कमी वेगावर येतं. पातं दोनदा बदलावं लागतं. भुशाला धुराचा आणि तेलाचा वास येतो. आजी तो मूठभर भुसा फडक्याच्या टोकाला बांधून घेते. त्या दिवशी पुढचा बराच वेळ गुरुजी कुणालाच गुण देत नाहीत.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून पुतण्या येतो. पुतण्या सगळं एका नजरेत ओळखतो आणि म्हणतो, "काका, हेच लेझरवर पाच मिनिटांत होतं." खोटं नाही. २०१८ साली राज्यात थर्मोकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि गणपतीची मखरं प्लाय नि एमडीएफकडे वळली, तेव्हापासून लेझरवर कापलेल्या कमानी आणि जाळ्या तालुक्याच्या गावापर्यंत पोचल्या आहेत. गुरुजी लेझरची कड जळकी दिसते, एमडीएफचा धूर छातीला वाईट, असे मुद्दे क्रमांक घालून मांडतात. पुतण्या ऐकून घेतो. मग आतून बाई विचारतात, "पाच मिनिटांत झालं तर मग ह्यांनी दुपारभर काय करायचं?" पुतण्याकडे त्याचं उत्तर नसतं.

आठवड्याभरात खरी परीक्षा येते : नावाच्या पाट्या. गल्लीत आता सगळ्यांना दारावर लाकडी नाव हवं असतं, आणि तेही फुकट, कारण मशीन सगळ्यांनी मिळून चालू केलेलं असतं.

इथे मराठीचा मोठा फायदा आहे. इंग्रजी नाव कापलं की एकेक अक्षर सुटं पडतं. ते मागच्या फळीवर एकाच ओळीत चिकटवताना भलीभली माणसं वाकडी होतात. देवनागरीत सगळी अक्षरं शिरोरेघेला लटकलेली. वाळत घातलेल्या कपड्यांसारखी. दोरी धरली की पूर्ण घराणं एका हातात येतं. 'पवार' कापायचे म्हणजे आनंद आहे : प च्या पोटातली खिडकी, व च्या पोटातला डोळा, अशी दोन भोकं पाडायची, पातं ओवायचं, आवळायचं, कापायचं. जुन्या मशीनवर पातं एका भोकातून दुसऱ्यात न्यायला पाना शोधण्यात वेळ जाई. नव्यात खटका दाबला की पातं सुटतं, चिमटी फिरवली की बसतं. गुरुजी दुपारच्या चहाच्या आत पवार उरकतात. 'श्री' ही तसंच, वळणं अवघड पण एकसंध. 'शुभ लाभ' तर दोन फळ्या एकावर एक चिकटवून एकाच कापात जोडीने निघतात. फ्रान्समध्ये चौदाव्या लुईच्या काळात आंद्रे-शार्ल बूल नावाचा फर्निचर करणारा कारागीर पितळ आणि कासवाची पाठ अशीच एकत्र कापून एका कापात दोन नमुने काढत असे. राजाच्या पैशावर काम करणाऱ्या माणसालाही काटकसर सुचली होती, हे बाईंना आवडतं.

मग येतात शिंदे.

शिंदे कापायला सोपे. श, द, वर वेलांटी नि मात्रा, सगळे रेघेला धरून. पण अनुस्वाराला कुणाचा आधार नसतो. तो रेघेच्या वर अधांतरी, वेलांटीच्या कुशीत, कुणालाही न चिकटता बसलेला. कापला की सुटा होतो. जुन्या मशीनवर तो जवळपास पडून तरी राहायचा. भुसा तोंडाने फुंकायचा असल्यामुळे गुरुजी फुंकर बेताची मारत. नव्या मशीनला भुसा उडवायची स्वतंत्र नळी आहे. पात्याच्या तोंडाशी हवेचा झोत सतत चालू, रेघ कायम स्वच्छ. खोक्यावर ही सोय ठळक अक्षरांत छापलेली असते. त्या झोताने शिंद्यांचा अनुस्वार तोफेतून सुटल्यासारखा अंगणात जातो.

उरतात ते शिदे.

शोध सुरू होतो. गिरणीवाला चाळणी आणतो; पीठ चाळणं हा त्याचा प्रांत. सुतार गुडघ्यावर बसून भुसा चाचपतो. पेटीवाला कान देऊन ऐकतो, का ते कुणी विचारत नाही. नातू पझलमधून कोल्हापूर हरवल्याचंही याच वेळी जाहीर करतो. शिंदे स्वतः उभे असतात आणि पाटीकडे बघत हळूच म्हणतात, "ऱ्हाऊ द्या गुरुजी, वाचणाऱ्याला समजतंय की."

"समजत नाही," गुरुजी म्हणतात. "शुद्धलेखन आहे ते."

"काय करलालाव सगळे?" बाई ओसरीतून विचारतात.

"टिंब शोधलालाव," गल्ली म्हणते.

बाई उठतात, शिलाई मशीनचा खण ओढतात आणि बटणांचा डबा उघडून पुढे करतात. आत बटणं, हुक, जाड पाच रुपये आणि गेल्या कित्येक वर्षांत केरातून वेचून ठेवलेली लाकडाची गोल गोल टिंबं : कांबळ्यांची, गायकवाडांच्या नातवाच्या 'अंकुश'ची, एका चंद्रबिंदूचा वरचा ठिपका, दोन-तीन कुणाची ते आता सांगता येत नाही. पन्नासेक असतील. गुरुजी डब्यात बघत राहतात.

"घ्या," बाई म्हणतात. "तुमीच आजवर वाटलेली शून्यं हायेत. कुठलं पायजे?"